कसणाऱ्याचा रकाना कुठं गेला?

माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या खात्यावर दर चार महिन्यांनी दोन हजार रुपये येतात. केंद्राच्या पीएम किसानचे. त्याच्या मागंपुढं राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी दोन हजार. वर्षाचे मिळून बारा हजार. आबा ८२ वर्षांचे आहेत, माझ्या आईवडिलांकडे सातारा शहरात राहतात आणि २०१२ नंतर त्यांनी औताला हात लावलेला नाही. खटाव तालुक्यातलं आमचं साडेतीन एकर रान तात्या कसतात. तात्यांच्या खात्यावर यातला एक रुपयाही येत नाही.

तात्या आमच्या नात्यातले नाहीत. गावातलेच आहेत आणि त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. त्यांच्या वडिलांच्या वाट्याला आलेलं रान बहिणींच्या लग्नात आणि एका आजारपणात गेलं. तेव्हापासून ते आमचं रान निम्म्या वाट्यानं करतात. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, राबणूक त्यांची आणि काकूंची, उत्पन्न निम्मं-निम्मं. खरिपात सोयाबीन, बाजरी, कांदा. रब्बीत शाळू. यातलं काहीही कागदावर नाही. बारा-तेरा वर्षं सगळा व्यवहार तोंडी चालला आहे आणि एकदाही भांडण झालेलं नाही.

यात कुठलाही घोटाळा नाही, हे आधीच सांगतो. आबा बोगस लाभार्थी नाहीत. सातबारा त्यांच्या नावावर, पेन्शन नाही, आयकर नाही, आधार जोडलेलं, ई-केवायसी झालेली. सगळं नियमात बसतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सिस्टीम बिघडली की काय होतं हे मला रोज दिसतं. पण सिस्टीम अगदी बरोबर चालत असताना चुकीच्या माणसाला पैसे देते, तेव्हा त्याची तक्रार कुठं नोंदवायची? त्यासाठी कुठल्याच पोर्टलवर बटण नाही. म्हणून हा लेख.

*

आधी नेहमीची तक्रार संपवून टाकू. पीएम किसानबद्दल गावात कुणाशीही बोला, पहिलं वाक्य एकच येतं : "हप्ता थांबलाय." आबांचाही थांबला होता.

२०२२ मध्ये ई-केवायसी आणि जमिनीच्या नोंदींची जोडणी सक्तीची झाली. ३१ मे २०२२ ला अकरावा हप्ता सुटला, तेव्हा सरकारनं सांगितलेला आकडा १० कोटींहून जास्त शेतकऱ्यांचा होता. १७ ऑक्टोबर २०२२ च्या बाराव्या हप्त्याला तो ८ कोटींच्या आसपास आला. साडेचार महिन्यांत कोट्यवधी नावं गळाली. त्यात आयकर भरणारे, मयत, दुबार असे खरोखरच अपात्र लोक होते. पण ज्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही असेही त्यात होते. आबांचा उमटत नव्हता. पन्नास वर्षं विळा आणि कासरा धरलेल्या हाताच्या रेषा झिजणारच. सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "आजोबा, हाताला तेल लावून या." आबा तेल लावून गेले. मग तो म्हणाला, "तेल पुसून या."

जून २०२३ मध्ये पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करायची सोय आली. मी माझ्या फोनवर आबांचा चेहरा स्कॅन केला. दहा मिनिटांत काम झालं. अडकलेले हप्ते आले.

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. शिकल्याचा घरच्यांना काहीतरी उपयोग झाला, असं. आबांनी शेजारच्या खोलीतून आजीला हाक मारून सांगितलं, "पोरानं मोबाइलवर केलं बघ." मी लगेच तात्यांना फोन केला, की तुमचंही अडलं असेल तर सांगा, करून देतो. पलीकडून तात्या हसले. म्हणाले, "आमचं अडायला आमचं हाय कुठं?"

आबांची अडचण ही माहितीतली चूक होती. चूक दुरुस्त करता येते. तात्यांची अडचण अशी, की त्यांची नोंदच नाही. नसलेली नोंद दुरुस्त कशी करणार?

*

पीएम किसान १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जाहीर झाली. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती, १ जून २०१९ पासून सगळ्या जमीनधारकांसाठी झाली. 'जमीनधारक' हाच सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. योजनेच्या नावात 'किसान' आहे, नियमात मात्र जमीनधारक कुटुंब.

नियम आणखी बारकाईनं वाचले की गंमत कळते. १ फेब्रुवारी २०१९ या तारखेला जमीन कुणाच्या नावावर होती, ते बघितलं जातं. त्यानंतर कुणी पै-पै साठवून अर्धा एकर विकत घेतलं आणि कसायला लागला, तर तो अपात्र. पण त्यानंतर जमीन वारसानं आली, तर वारस पात्र. म्हणजे उद्या मी आयकर भरत नसतो आणि माझं नाव सातबाऱ्यावर वारसानं लागलं असतं, तर मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून 'किसान' म्हणून सन्मान घेतला असता. शाळू कधी पेरतात हे मला माहीत नसलं तरी.

याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत उद्देशही लिहिलेला आहे : पीक नीट यावं म्हणून लागणारी बियाणं, खतं, औषधं घ्यायला शेतकऱ्याला हातभार. आता आमच्या रानाचं बघा. तात्यांच्या हिश्श्याचं निम्मं बी-खत तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येतं आणि माल विकल्यावर फिटतं. सहकारी सोसायटीचं पीककर्ज त्यांना मिळत नाही, कारण सातबारा नाही. बँकेचं कर्ज नाही म्हणून २०१७ ची कर्जमाफी नाही आणि २०१९ चीही नाही. पीकविमा वाट्यानं करणाऱ्यालाही घेता येतो असं नियम सांगतो, पण नोंदणीकृत भाडेकरार जोडायला लागतो. तात्यांकडे साधा चिटोरा नाही, नोंदणीकृत कुठून आणणार?

फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये कांदा कोसळला, तेव्हा राज्यानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. अट : सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. कांदा लावला तात्या-काकूंनी, काढला त्यांनी, मार्केटला नेला तात्यांनी. अनुदान आलं आबांच्या खात्यावर. आबा माणूस सरळ. त्यांनी त्यातले निम्मे तात्यांना दिले, वाट्याप्रमाणं. सगळ्यांना ते न्याय्य वाटलं. मलाही तेव्हा वाटलं.

आता ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठी पीक लिहायचा, आता शेतकऱ्यानं शेतात उभं राहून ॲपवर फोटो काढायचा, ठिकाणासकट नोंद होते. कल्पना चांगली आहे, अगदी मनापासून सांगतो. आमच्या रानाची ई-पीक पाहणी कोण करतं? तात्यांचा मुलगा. तो आबांचं खातं निवडतो, बांधावर तात्यांना उभं करतो, सोयाबीनचा फोटो काढतो. शेतात तात्या, फोन त्यांचा, पीक त्यांच्या घामाचं, आणि नोंद आबांची. सरकारकडे पुरावा आहे की त्या दिवशी त्या रानात कुणीतरी होतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारणारा रकाना तेवढा नाही.

*

तो रकाना पूर्वी होता.

जुने हस्तलिखित सातबारे काढून बघा. घराघरात ट्रंकेत असतात. सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे पिकांचा भाग. त्यात एक रकाना असे, 'जमीन करणाऱ्याचे नाव'. शेजारी 'रीत', म्हणजे जमीन स्वतः करतो की दुसऱ्याकरवी. मालक कोण हे 'सात'मध्ये, प्रत्यक्ष करतो कोण हे 'बारा'मध्ये. कुण्या तलाठ्यानं बोरूनं भरलेला हा कागद डेटा मॉडेल म्हणून आजच्या पोर्टलपेक्षा सरस होता. मालकी आणि कसणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्याला कळत होतं.

आमच्या ट्रंकेत असा एक कागद आहे. त्यात 'जमीन करणाऱ्याचे नाव' या रकान्यात माझ्या पणजोबांचं नाव आहे. जमीन त्यांची नव्हती. सातारा शहरात राहणाऱ्या एका वकिलाची होती. पणजोबा कूळ. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा आला, त्यात पुढं दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन, या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं त्या जमिनीचं मालक मानलं गेलं. शेतजमीन न्यायाधिकरणानं किंमत ठरवली, पणजोबांनी ती हप्त्यानं भरली, ३२ म चं सर्टिफिकेट मिळालं. माझे वडील शिक्षक झाले, मी इंजिनिअर झालो, त्याच्या मुळाशी ते साडेतीन एकर आहे. आणि त्या साडेतीन एकराच्या मुळाशी एका तलाठ्यानं एका रकान्यात खरं लिहिलेलं एक नाव आहे.

तेव्हा साताऱ्यात राहणारा मालक तो होता. आज साताऱ्यात राहणारे मालक आम्ही आहोत.

मग रकाना गेला कसा? याचं उत्तर कायद्याच्या यशातच आहे. नाव लागलं की जमीन जाते, हे मालकांनी पाहिलं. अनेकांनी १९५७ च्या आधीच कुळांकडून राजीनामे लिहून घेतले, हुसकावून लावलं. जे उरले त्यांनी पुढच्या पिढ्यांना एक धडा दिला : रान कुणालाही दे, पण नाव लावू नको. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो, ही कायद्यातली तरतूद अजून तशीच आहे. त्यामुळं गावोगावी वाट्यानं, अर्धलीनं, खंडानं, विदर्भात ठोक्यानं जमिनी कसल्या जातात, पण कागदावर प्रत्येक मालक स्वतःच नांगर धरतो. कसणाऱ्याला जमीन देणाऱ्या कायद्यानंतर कसणारा कागदावरून नाहीसा झाला. आणि नंतर आलेल्या प्रत्येक योजनेनं तोच कागद खरा धरला.

आता ही चूक आणखी पक्की होते आहे. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. तो मिळतो सातबाऱ्याच्या आधारावर. आमच्या भाषेत सांगायचं तर, प्रायमरी की चुकीच्या टेबलवरून घेतली आहे. एकदा सगळं त्या आकड्याला जोडलं गेलं, की ज्याच्याकडे आकडा नाही तो शेतकरी नाही, यावर वादच उरणार नाही. सिस्टीम म्हणेल, रेकॉर्ड सापडत नाही. आणि सिस्टीम खरं बोलत असेल.

हे फक्त वाटेकऱ्यांचं नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. खुरपणी, कांदा लावणी, काढणी कोण करतं हे मी सांगायला नको. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, सातबाऱ्यावर घरच्या बाईचं नाव लावा म्हणून. १९९२ मध्ये राज्य सरकारनंही त्यासाठी परिपत्रक काढलं. आमच्या घरात आजीचं नाव आजही सातबाऱ्यावर नाही. काकूंचं तर लागायला सातबाराच नाही.

*

हे सगळं ऑफिसात बोललो की तीन उत्तरं मिळतात.

पहिलं : "मुळात हे पैसे कशाला? रेवडी आहे." सहा हजार भागिले ३६५ करा, दिवसाला साडेसोळा रुपयेही होत नाहीत. २०१९ पासून केंद्राची रक्कम एका रुपयानं वाढलेली नाही. २०१९ मधलं खताचं पोतं आणि डिझेल आठवा आणि आजचं बघा. संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीनं डिसेंबर २०२४ मध्ये ती बारा हजार करा अशी शिफारस केली होती. माझी तक्रार पैसे देण्याबद्दल नाही, ते रानात पोचत नाहीत याबद्दल आहे. रेवडी म्हणायचंच असेल तर शेती न करणाऱ्या आमच्या घराला मिळते तिला म्हणा.

दुसरं : "वाटेकऱ्यांना द्यायला लागलो तर बोगस लोक घुसतील." सातबारा बघून बोगस थांबले का? २०२० मध्ये तमिळनाडूत साडेपाच लाखांच्या आसपास अपात्र नावं पीएम किसानमध्ये घुसवली गेली, शंभर कोटींहून जास्त रुपये गेले. लॉगिन वापरून आतूनच. चोर कागदाला घाबरत नाही, तो कागद तयार करतो. कागदाला घाबरतो तो तात्यांसारखा माणूस.

तिसरं : "व्यवहारात शक्य नाही." शक्य आहे, कारण झालेलं आहे. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या अशा जोडधंद्यासाठी साडेबारा हजारांची मदत ठरवली गेली. पश्चिम बंगालच्या कृषक बंधू योजनेत नोंद असलेले बर्गादार, म्हणजे वाटेकरी, पात्र आहेत. ती नोंद आहे, कारण १९७८ पासून तिथं ऑपरेशन बर्गा राबवून ती केली गेली. आंध्रनं २०१९ मध्ये कायदा केला : कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड, त्यावर कर्ज, विमा, मदत. आणि मालकीवर त्याचा काहीही परिणाम नाही, हे कायद्यातच. आंध्रच्या कायद्यातली खोटही सांगतो : कार्डासाठी मालकाची सही लागते, आणि मालक सही करत नाहीत. का करत नाहीत, ते मला माझ्याच घरात कळलं.

*

गेल्या दिवाळीत मी आबांपुढं दोन गोष्टी मांडल्या. एक, हे वर्षाचे बारा हजार तात्यांना देऊ. दोन, अकरा महिन्यांचा रीतसर करार करून नोंदवू, म्हणजे त्यांना निदान पीकविमा तरी घेता येईल.

पहिल्याला आबा एका क्षणात तयार झाले. "दे की. त्याचंच हाय ते." दुसरं ऐकल्यावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या बापानं रान कसं घेतलं, इसारलास व्हय?"

आबा वाईट नाहीत. खोटंही बोलत नाहीत. आमच्या घरात जमीन कशी आली हे ठाऊक असलेला तो शेवटचा माणूस आहे, म्हणून तो घाबरतो. वडिलांनीही विषय बदलला. आणि खरं सांगायचं तर मीही फार ताणलं नाही. पुण्यात जमिनीच्या भावाच्या गप्पा रोज कानावर पडतात. सही करताना माझाही हात थांबला असता का, या प्रश्नाला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही.

तात्यांना बारा हजार आता आम्ही देतो. ते घेताना तात्या दोन्ही हात पुढं करतात. मला ते बघवत नाही. आबा खात्यावर पैसे घेतात तेव्हा कुणापुढं हात पसरत नाहीत, कारण तो त्यांचा हक्क आहे. तेच पैसे तात्यांकडे जाताना उपकार होतात. आमच्यासारखी घरं चांगली वागली तरी हे बदलणार नाही. आणि सगळी घरं चांगली वागत नाहीत.

म्हणून सरकारनं करायची गोष्ट सांगतो. ई-पीक पाहणीत एक रकाना परत आणा : 'प्रत्यक्ष कसणारा'. दर हंगामाला भरायचा, हंगाम संपला की संपणारा. तो कसणाऱ्यानं स्वतः भरावा, मालकाच्या सहीची अट नको. शेजारच्या दोन खातेदारांनी आणि ग्रामसभेनं खात्री करावी. गावात कोण कुणाचं रान करतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि कायद्यात एक ओळ स्पष्ट घाला, की या नोंदीवरून कुठलाही मालकी हक्क किंवा कूळ हक्क सांगता येणार नाही. आबांची भीती घालवायची ताकद त्या एका ओळीत आहे, माझ्या शंभर भाषणांत नाही. मग हंगामाची मदत, नुकसानभरपाई, विमा त्या रकान्याला जोडा.

या ओळीमुळं 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण सोडून देतो आहोत, असं कुणी म्हणेल. मान्य आहे. पणजोबांना जे मिळालं ते तात्यांना यातून मिळणार नाही. पण आज त्या घोषणेच्या भीतीपोटी तात्यांना खताचं पोतंही मिळत नाही. तांत्रिक काम म्हणाल तर ॲपमध्ये एक रकाना वाढवायला किती वेळ लागतो, हे मला विचारा. अडचण कोडमध्ये नाही, आणि मंत्रालयापासून आमच्या ओसरीपर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. गावाकडं रान असेल तर त्याच फोनवर महाभूमीवर जाऊन तुमच्या घरचा सातबारा काढा. नाव कुणाचं आहे ते बघा. मग घरी फोन लावा आणि विचारा, यंदा रान कोण करतंय? दोन्ही उत्तरं एकच आली तर उत्तम. वेगळी आली, तर तुमच्या घरी येणारा हप्ता कुणाचा आहे, हे पुढचा एसएमएस येण्याआधी ठरवा.